एक खोटी टिक

माझ्या आयुष्यात शिस्त आली ती एका हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणाच्या थोडी आधी. मी वाळूजच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतो. म्हणजे कुठल्या मशीनवर कधी काय चालेल याचे तक्ते बनवतो, आणि ते तसं का चाललं नाही याची कारणं लिहितो. आमच्यासारख्यांना वेळेचं नियोजन शिकवायला कंपनीने एक प्रशिक्षक बोलावला होता. तो पाऊण तास उशिरा आला. आल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना एक ॲप फोनमध्ये घ्यायला लावलं, त्यात आपापल्या कामांची यादी भरायला लावली आणि सांगितलं की आजपासून तुमची कामं तुमच्या डोक्यात नाही, सर्व्हरवर राहतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. पनीरचा वास यायला लागला होता.

बाकीच्यांनी ते ॲप आठवड्याभरात काढून टाकलं. ते शहाणे होते. मी भक्त झालो. ऑफिसच्या कामांची एक यादी, घरच्या कामांची दुसरी, आणि तब्येतीची म्हणून तिसरी, ज्यात 'चालणे, ४५ मिनिटे' आणि 'पाणी पिणे, तीन लिटर' अशी कामं होती. पाणी प्यायची आठवण करून द्यायला माणसाला परदेशातला एक सर्व्हर लागावा, याची तेव्हा मला लाज वाटली नाही. वेळेत न झालेलं काम लाल दिसायचं आणि झालेल्या कामावर टिक केली की फोन हलकासा थरथरायचा. ती थरथर मला फार आवडायची.

आमच्या घरी तोवर यादी होती ती दूधवाल्याने दिलेल्या कॅलेंडरवर. बायको त्यावर पेन्सिलीने लिहायची. नळाला पाणी येईल त्या तारखेभोवती ती गोल करायची. आमच्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते काही दिवस कधी वाढतात, कधी आणखी वाढतात. तिचा गोल त्याप्रमाणे खोडून पुढे सरकायचा. मी हे काम ॲपमध्ये भरायला घेतलं तेव्हा त्याने विचारलं, दर किती दिवसांनी? 'येईल तेव्हा' असा पर्याय नव्हता. मी सहा लिहिलं. त्यानंतर दर सहा दिवसांनी आमच्या घरातले फोन कोरड्या नळासाठी वाजायचे.

फोन म्हणतो, कारण बायकोच्या फोनमध्येही मी ते ॲप घातलं होतं. एकच खातं, एकच यादी. मी माझ्या फोनवर टिक केली की ती बातमी सात समुद्रापार जाणार, आणि तिथून परत सिडकोतल्या आमच्या स्वयंपाकघरात तिच्या फोनवर येणार. हे मी तिला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं.

"मी हातभर अंतरावर बसलेय," ती म्हणाली. "तोंडानं सांगितलं तर काय बिघडतं?"

"तोंडी सांगितलेलं काम विसरायला होतं."

"मी तर आजवर कधी विसरले नाही. तुमचं तुम्ही बघा."

पण तिने ते राहू दिलं, भांडण नको म्हणून. हळूहळू आमचं बोलणं त्या यादीपुरतं उरलं. मी त्याला कार्यक्षमता म्हणायचो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, खालच्या खोलीत राहतात. आम्ही वर. अण्णा वाळूजच्याच एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आणि त्या काळातलं फारसं काही ते सांगत नाहीत, एका फळ्याखेरीज. त्यांच्या मशीनशॉपच्या दाराशी फळा असायचा. शिफ्टला आलं की तो वाचायचा, काम उचलायचं, आणि झालं की खडूने टिक मारायची. सांगायला कुणी यायचं नाही आणि विचारायलाही जायचं नाही. काम व्हायच्या आधी मारलेली टिक ही अण्णांच्या लेखी चोरी. एखाद्या माणसाबद्दल अगदी वाईट बोलायचं झालं तर ते एवढंच म्हणायचे, "खोटी टिक मारणारा माणूस हाय." लहानपणापासून हे ऐकून माझे कान किटले होते.

त्यांच्या शेजारच्या मशीनवर बिडकीनचे चाचा असायचे. दोघांचा डबा एक, विडीची सुट्टी एक. अण्णा मराठीत बोलायचे, चाचा दख्खनीत, आणि तीस वर्षांत दोघांनी एकमेकांची भाषा बदलायचा प्रयत्न केला नाही. निवृत्तीनंतर भेटी कमी झाल्या, फोन चालू राहिले.

एका सकाळी नाश्त्याला अण्णा म्हणाले, "चाचाच्या घशाचं आप्रेशन हाय पुढच्या महिन्यात. आवाजाची पेटीच काढणार म्हणत्यात. त्याच्या आत एकदा जाऊन बोलून यावं म्हणतो."

"फोनवर बोला ना."

"फोनवर त्याचं काय कळंना आता. नुसती घरघर येती. समोर बसलं तर कळंल, व्हटावरून."

"मग जाऊ की. येत्या रविवारी नेतो गाडीनं."

आणि मी तिथेच, पोह्याचा चमचा हातात धरून, यादीत लिहिलं: अण्णांना बिडकीनला नेणे, रविवार. ऑपरेशनची तारीख, एक मंगळवार, त्याच्याखाली टिपणात टाकली. टिपण बघायचं तर त्या कामावर बोट दाबून धरावं लागतं. लिहून झाल्यावर मला काम झाल्यासारखं वाटलं. यादीचा मोठा गुण हाच. अण्णांनी त्याच दुपारी बिडकीनला फोन करून सांगितलं की पोरगा गाडीतून घेऊन येतोय.

त्याच आठवड्यात मी नवा फोन घेतला. आमच्याकडे फोन वरून खाली उतरतात, जुने कपडे धाकट्याला जातात तसे, फक्त इथे धाकट्याचं थोरल्याला मिळतं. माझा जुना फोन अण्णांना गेला. मी त्यातले ऑफिसचे मेल काढले, फोटो काढले, अक्षरं मोठी करून दिली. यादी काढायची राहिली. ती फोन उघडला की पहिल्याच पानावर दिसायची, आणि मला तिची इतकी सवय झाली होती की ती मला दिसतच नव्हती. पुढचं सगळं एवढ्यावरून झालं, पण मला ते कळायला दोन महिने लागले.

पहिला चमत्कार टाकीच्या बॉलकॉकचा. टाकी वाहायची, म्हणून 'बॉलकॉक बदलणे' हे काम बरेच दिवस लाल पडलं होतं. एका दुपारी ऑफिसात बघतो तर त्यावर टिक. बायकोने प्लंबर बोलावला असणार, असं मला वाटलं. मी बोलावला असणार, असं तिला वाटलं. आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारायला आता यादी होती. टाकी वाहायची थांबली.

मग गॅस बुक झाला. मुलीच्या दाखल्याच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर येऊन पडल्या. गेटच्या बिजागरीला तेल लागलं. आणि चालणे, ४५ मिनिटे: त्यावर रोज सकाळी सात-सव्वासातला टिक पडायला लागली. मी सकाळी चाललो नव्हतो हे मला ठाऊक होतं. त्या वेळी मी पांघरुणात असायचो. पण कारखान्यात दिवसभर मशीनमधून फिरतो, फोन पावलं मोजत असेल आणि हिशेब सकाळी टाकत असेल, असं मी ठरवून टाकलं. सलग एकवीस दिवस झाल्यावर ॲपने मला एक पिवळं पदक दिलं. मी त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. साहेबांनी अंगठा दिला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. विषय होता सातत्य. मी बोललो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. असा निर्लज्ज माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तेव्हाही दिसला नाही, कारण तिथे आरसा नव्हता.

बिघडलं ते केसांवरून. 'केस कापणे' यावर टिक दिसली, ते काम यादीतून गेलं, आणि मी कानावर केस आलेल्या अवस्थेत एका साखरपुड्याला जाऊन बसलो. बायकोने तिथे सांगितलं, "यांचे केस सर्व्हरवर कापले." तिच्या माहेरचे सगळे हसले. घरी येऊन मी ॲपवाल्यांना लांबलचक तक्रार लिहिली. तुमचा सर्व्हर माझी कामं परस्पर झाली म्हणून दाखवतो, तुम्ही लोकांच्या आयुष्याशी खेळता, तुमच्याकडे जबाबदारी नावाची काही चीज आहे की नाही. इतका सात्त्विक संताप मला त्याआधी बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

या सगळ्यात रविवार येत होते. पहिल्या रविवारी ऑफिसचं ऑडिट तोंडावर होतं. दुसऱ्या रविवारी मला झोप हवी होती. तिसऱ्या रविवारी काय होतं ते मला आठवत नाही, यावरून ते किती महत्त्वाचं होतं ते कळतं. सकाळी नऊच्या सुमाराला मी अंथरुणातच फोन हातात घ्यायचो. यादीत 'अण्णांना बिडकीनला नेणे' दिसायचं. त्याच्या शेजारी एक बाण असतो, तो दाबला की काम पुढच्या आठवड्यात जातं. ॲप विचारत नाही का म्हणून. मी दाबायचो. आणि थोड्या वेळाने खालून चपलांच्या कपाटाचं दार लावल्याचा आवाज यायचा.

हा आवाज मला दर रविवारी ऐकू यायचा. त्याचा आणि त्या बाणाचा संबंध मी जोडला नाही. खाली उतरलो की अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले दिसायचे, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, पायांत मात्र काही नाही. रविवारी अण्णा जरा टापटीप असतात, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही नेणार होता ना त्यांना कुठंतरी?" मी म्हणालो, "यादीत आहे."

ऑपरेशनच्या आधीच्या शेवटच्या रविवारीही मी बाण दाबला. तारीख टिपणात होती. टिपण मी उघडलं नाही.

तीनच दिवसांनी, ते काम पुढच्या रविवारावर सरकवलेलं असूनही, लाल झालं, कारण टिपणातला मंगळवार उलटला होता. एवढी अक्कल त्या ॲपला होती. मी बुधवारी ते लाल पाहिलं, दचकलो, संध्याकाळी अण्णांशी बोलू असं ठरवलं, आणि बोललो नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी बघतो तर त्यावर टिक. माझ्या बिघडलेल्या सर्व्हरने तेही काम झालं म्हणून दाखवलं होतं.

इथे मी जे केलं ते लिहायलाच हवं. केस कापले नसताना टिक पडली म्हणून ज्या माणसाने परदेशात तक्रार धाडली, तो ही टिक बघून काही बोलला नाही. मला बरं वाटलं. लाल गेलं, यादी स्वच्छ झाली, आणि चूक माझी नव्हती, सर्व्हरची होती. मी ऑफिसला गेलो.

ॲपवाल्यांचं उत्तर त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं, रविवारी सकाळी. फार नम्र उत्तर होतं. त्यांनी तपासलं होतं आणि त्यांच्या सर्व्हरमध्ये काही दोष नव्हता. तुमच्या खात्याला तीन फोन जोडलेले आहेत, ते म्हणाले, आणि खाली तिन्ही फोनांची नावं दिली होती. एक माझा. एक बायकोचा. तिसरा माझा जुना. त्याच्यापुढे लिहिलं होतं: शेवटचं सिंक, दोन मिनिटांपूर्वी.

मी जिना उतरून खाली गेलो. खरं सांगायचं तर रागातच गेलो. अण्णा नुकतेच फिरून आले होते. कॅनव्हासचे बूट अजून पायांत होते, गुडघ्यावर एक हात आणि दुसऱ्या हातात फोन.

"अण्णा, या यादीत तुम्ही टिका मारता?"

"व्हय. झालेल्याच मारतो."

"ही माझी यादी आहे."

"तुझी?" त्यांनी फोनकडे बघितलं. "मला काय म्हाईत. फोन उघडला की फळा समोरच. म्हटलं तुला खाली येऊन सांगायला वेळ नसतो, म्हणून लिहून ठेवत असशील."

"बॉलकॉक?"

"मीच बसवला. प्लंबर कशाला लागतो त्याला?"

"आणि हे रोजचं चालणं? गुडघे दुखत नाहीत?"

"दुखत्यात की. पण तू लिहिलंस म्हणजे डाक्टरनं सांगितलं असंल म्हटलं. पाणी काय तीन लिटर जात नाय मला. ते मी तसंच सोडतो."

ती टिक त्यांनी एकदाही मारली नव्हती. मी नंतर पाहिलं. दोन महिन्यांत पाण्यावर एकही टिक नव्हती.

माझा राग तोवर गेला होता आणि त्याच्या जागी काय येतंय ते मला कळायला लागलं होतं. विचारू नये असं वाटत असताना मी विचारलं, "आणि बिडकीनची टिक?"

अण्णांनी फोनची काच शर्टाला पुसली. पुसायची गरज नव्हती.

"ती खोटी हाय," ते म्हणाले. "मंगळवारी आप्रेशन झालं त्याचं. तरी ते रोज लालच दिसायचं. आमच्या फळ्यावर लाल ऱ्हायलं की साहेब चार माणसांत बोलायचा. म्हटलं तुलाबी कुणी बोलत असंल. तीस वर्षांत एक खोटी टिक नव्हती मारली मी. ही मारली."

मला कुणी बोलत नव्हतं. ती यादी जगात माझ्याशिवाय कुणी वाचत नव्हतं, आणि वाचत होते ते एकटे अण्णा.

"तुम्ही बसनं का नाही गेलात?" मी विचारलं. मला अजूनही दोष थोडा तरी वाटून हवा होता.

"त्याला सांगितलं व्हतं ना, पोरगा गाडीतून आणतोय. एकटाच उतरलो असतो तर त्यानं पहिलं तुझंच विचारलं असतं. काय सांगायचं?"

आम्ही दहा मिनिटांत निघालो. मी यादीत काही लिहिलं नाही. पैठण रोड मोकळा होता, तासाच्या आत बिडकीन आलं. दोन महिने जे मला जमलं नव्हतं ते एवढंच होतं.

चाचा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेले होते. गळ्याला पट्टी, त्यातून एक नळी. अण्णांना बघून त्यांचं तोंड उघडलं आणि नळीतून नुसती हवा बाहेर आली. त्यांनी उशाखालची पाटी काढली, लहान मुलांची असते तसली, आणि खडूने लिहिलं. चाचा उर्दू शाळेत शिकलेले. अण्णांना उर्दू वाचता येत नाही. चाचांच्या सूनबाईंनी वाचून दाखवलं.

"अब्बा पूछ रैं, घुटने कैसे हैं."

"बरे हायत," अण्णा म्हणाले. "चालतो रोज पाऊण तास."

असं चाललं. चाचा लिहायचे, सूनबाई वाचायच्या, अण्णा उत्तर द्यायचे. तिसऱ्या माणसासमोर वाचून घेता येईल एवढंच चाचा लिहीत होते आणि तेवढंच अण्णा बोलत होते. जेवण कसं घेता, मुलगा कुठल्या शिफ्टला असतो, बाहेर ऊन किती झालं. मध्येच अण्णांनी फोन काढून चाचांपुढे धरला. "हे बघ. पोराला लई कामं असत्यात. यात तुझं गाव बी लिहिलेलं व्हतं. दर रविवारी व्हतं." अभिमानाने दाखवलं त्यांनी. चाचांनी वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहून मान हलवली. मला त्या खोलीत बसवेना.

चहा ठेवायला सूनबाई उठल्या तेव्हा मी कप घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या मागे गेलो आणि उशीर झाल्याबद्दल काहीतरी पुटपुटलो. त्या गाळणी धुवत म्हणाल्या, "हर इतवार को अब्बा बाहर कुर्सी डालको बैठते थे. आवाज थोडा था तब. मैं रोट्या ज्यादा बना लेती थी." त्यात तक्रार नव्हती. कामाचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

चहा घेऊन मी दाराशी आलो तर आत दोघंच होते. चाचा पाटीवर भराभरा लिहीत होते, आधीपेक्षा बरंच जास्त, पाटी भरून. लिहून झाल्यावर त्यांनी ती अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघितली, सावकाश, वाचल्यासारखी. मग मान डोलावली. चाचांनी पाटी परत घेतली आणि सूनबाई यायच्या आत बाहीने पुसून टाकली.

परतताना गाडी पैठण रोडला लागली. मग मला राहवलं नाही. माफी मागायची तर ती सरळ मागावी एवढंही मला जमलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "आता ती टिक खोटी नाही राहिली."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "जाऊन यायचं काम नव्हतं ते," ते म्हणाले. "बोलायचं व्हतं."

त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरला, झालेल्या कामांमध्ये ते काम शोधलं आणि अंगठ्याने त्यावरची टिक काढून टाकली. समोर अडकवलेल्या माझ्या फोनवर ते त्याच क्षणी लाल झालं. सर्व्हरने जराही उशीर केला नाही.